चाकाखाली काय आहे

आमच्या घरात ऑफरोडिंगच्या, म्हणजे पक्का रस्ता सोडून गाडी रानात नेण्याच्या, भांडणातले दोन्ही पक्ष एकाच छताखाली नांदतात. नवऱ्याकडे एक जुनी जीप आहे, आमच्याकडे येण्याआधी दोन घरं फिरून आलेली. सुट्टी लागली की तिची चाकं कुठल्यातरी खडकावर चढवल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. मी चालणारी. वाळवंटात जायचं ते पायी आणि गप्प राहायला, असं माझं मत. त्याचं म्हणणं, "तुला जिथे पोचायला दोन दिवस लागतात, तिथे मी आईला सकाळी नेऊन जेवायच्या वेळेला परत आणतो. तिचे गुडघे तुझ्यासारखे आहेत का?" सासूबाई अर्थातच त्याच्या बाजूला. सॉल्ट लेक सिटीहून मोॲबला जायला गाडीनं चार तास लागतात आणि प्राइस गाव मागे पडेपर्यंत हा विषय हमखास निघतो.

मोॲब हे यूटा राज्याच्या आग्नेय कोपऱ्यातलं जेमतेम पाच हजार वस्तीचं गाव. जवळच आर्चेस आणि कॅन्यनलँड्स ही दोन राष्ट्रीय उद्यानं, गावाला खेटून कोलोरॅडो नदी आणि चहूकडे तांबडेलाल कडे. उद्यानांच्या बाहेरची बहुतेक जमीन बीएलएम या केंद्र सरकारच्या खात्याकडे आहे आणि खरा गोंधळ तिथे चालतो. जीपवाले, मोटरसायकलवाले, सायकलवाले, घोडेवाले, माझ्यासारखे काठी घेऊन चालणारे, असे सगळे एकाच जमिनीवर हक्क सांगत येतात.

नवऱ्याचा एक मुद्दा मला मान्य करावा लागतो. या भागातले बरेचसे कच्चे रस्ते कुणी मौजेसाठी केलेले नाहीत. १९५२ मध्ये चार्ली स्टीन नावाच्या भूगर्भतज्ज्ञाला मोॲबजवळ युरेनियमचा मोठा साठा सापडला आणि नशीब काढायला निघालेल्यांची रीघ लागली. बुलडोझर लावून त्यांनी कड्यांच्या अंगावरून, ओढ्यांच्या पात्रांतून वाटा काढल्या. कॅन्यनलँड्समधला, आज चालक ज्याची स्वप्नं पाहतात तो व्हाइट रिम रस्ताही त्याच काळातला, अणुऊर्जा आयोगाच्या कृपेनं झालेला. पुढे युरेनियमचा बाजार उठला, वाटा उरल्या. १९६७ मध्ये गावच्या व्यापाऱ्यांनी ईस्टरच्या सुट्टीत जीप सफारी सुरू केली, ती आता नऊ दिवस चालते. उन्हाळ्यात आर्चेसला येणारी माणसं उद्यानं बघून निघून जातात. गावातली गॅरेजं, टोइंगवाले, काही हॉटेलं जीपवर जगतात. चालणारे लोक म्हणतात की गाडीवाले आमच्या शांततेत घुसले. इतिहास बघितला तर गाडी इथे आधी आली आणि शांतता शोधणारे बहुतेक मागाहून.

पण जमीन या दोघांच्याही आधीची आहे.

मोॲबच्या वाळवंटात झुडपांच्या मधल्या मोकळ्या जागेत काळपट, खडबडीत, बोटभर उंचीचे सुळके आलेली माती दिसते. नीट म्हणायचं तर ती दिसत नाहीच. नजर तिच्यावरून सरकून पलीकडच्या कड्याकडे जाते. ही माती म्हणजे जिवंत पापुद्रा आहे. त्यात सायनोबॅक्टेरिया नावाचे सूक्ष्म जीवाणू, दगडफूल, शेवाळं एकत्र राहतात. सायनोबॅक्टेरियाचे तंतू ओल मिळाली की वाळूच्या कणांमधून सरकतात आणि सरकताना मागे चिकट आवरण सोडतात. त्या आवरणांनी कण एकमेकांना बांधले जातात. पाऊस पडतो, वारा सुटतो, तरी माती जागेवर राहते ती या बांधणीमुळे. हवेतला नायट्रोजन झाडांना मिळतो, तोही बऱ्याच अंशी याच पापुद्र्यामार्फत. वाळलेला पापुद्रा ठिसूळ असतो. एक बूट पडला तरी मोडतो. चाक फिरलं तर सरळ रेघेत मोडत जातो, आणि पुढच्या पावसात ती रेघ ओघळ बनते.

तो भरून यायला लागणारा काळ माणसाच्या हिशेबात बसत नाही. सायनोबॅक्टेरिया काही वर्षांत, फार तर काही दशकांत परततात. दगडफूल आणि शेवाळ पूर्वीसारखं व्हायला अनेक दशकं, काही ठिकाणी शतकं लागतात. कॅलिफोर्नियाच्या मोहावी वाळवंटात जनरल पॅटननं १९४२ मध्ये रणगाड्यांचं सराव केंद्र उभारलं होतं. युद्ध संपलं, पॅटन गेला, त्या रणगाड्यांच्या चाकोऱ्या वाळवंटात अजून ओळखू येतात.

आणि सुटलेली माती तिथेच थांबत नाही. कोलोरॅडो पठारावरची तांबडी धूळ वसंत ऋतूत वाऱ्यावर बसून पूर्वेच्या सान हुआन पर्वतांपर्यंत जाते आणि तिथल्या बर्फावर पडते. मळलेलं बर्फ ऊन जास्त शोषतं, म्हणून काही आठवडे लवकर वितळतं. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानं हिशेब मांडला की या धुळीमुळे कोलोरॅडो नदीच्या वरच्या खोऱ्यातला प्रवाह सरासरी पाच टक्क्यांनी घटतो. एवढी सगळी धूळ जीपवाल्यांच्या माथी मारणं मात्र अन्यायाचं होईल. एकोणिसाव्या शतकापासूनच्या बेसुमार चराईचा त्यात मोठा वाटा आहे. गाड्यांनी नंतर भर घातली. नवरा हे वाक्य मला प्रत्येक वेळी पुरं करायला लावतो.

या पापुद्र्यावर चालू नका, गाडी घालू नका, असं सांगणारे फलक मोॲबभर आहेत. नवऱ्यानं ते वर्षानुवर्षं वाचले होते आणि पाळलेही होते, जसे आपण सोसायटीच्या लिफ्टमधले नियम पाळतो तसे, सोबत कुणी असलं तर. फरक पडला तो एका दुपारी, उद्यानातल्या एका रेंजर बाईंमुळे. त्यांनी दहाबारा जणांना वाटेच्या कडेला उकिडवं बसवलं. खिशातून पाण्याची फवारणीची बाटली काढली, काळ्या मातीवर दोनतीन फवारे मारले आणि गप्प राहिल्या. थोड्या वेळात ती काळी माती हिरवी होऊ लागली. मग त्यांनी हातातलं भिंग सगळ्यांकडे फिरवलं. नवरा भिंगातून बघत मराठीत म्हणाला, "अगं, हे तर जिवंत आहे." मी त्याला हे कितीदा सांगितलं होतं याचा विषय मी तिथे काढला नाही. गाडीत काढला.

नुकसान होतं ते बहुतेक वेळा दुष्टपणानं होत नाही. चालकाला चाकाखाली काय आहे ते दिसतच नाही, म्हणून होतं. जीपच्या सीटवरून माती म्हणजे माती. आणि चालणाऱ्यांशी होणाऱ्या भांडणाचंही मूळ हेच आहे, फक्त तिथे डोळ्यांऐवजी कानांचा प्रश्न आहे.

मोॲबच्या एखाद्या कड्यावर बसलं की खालच्या दरीतल्या गाड्या मैलभर आधीपासून ऐकू येतात. जीपचं ठीक आहे, ती खडकावर हळूहळू चढते, गुरगुरते, निघून जाते. साइड-बाय-साइड म्हणतात त्या उघड्या बग्ग्यांचा आवाज मात्र वेगळा. चढा, किरकिरा, आणि एकीमागे एक अशा दहा असल्या की सलग. आत बसलेल्या माणसाच्या डोक्यावर हेल्मेट, कानाशी इंजिन, ओठांवर हसू. त्याला पलीकडच्या कड्यावरची मी दिसत नाही आणि मला त्याचं हसू दिसत नाही.

या एकतर्फीपणाचा अभ्यास बराच जुना आहे. मिनेसोटातल्या बाउंडरी वॉटर्स या तळ्यांच्या प्रदेशात रॉबर्ट लुकास यांनी १९६४ मध्ये नोंदवलं होतं की वल्हवणाऱ्यांना मोटरबोटी नकोशा वाटतात, पण मोटरबोटवाल्यांना वल्हवणाऱ्यांची काहीच अडचण वाटत नाही. १९८० मध्ये जेकब आणि श्रायर या दोघांनी या प्रकारच्या भांडणांची मांडणी केली: दुसऱ्याच्या वागण्यामुळे आपण ज्यासाठी आलो ते साधत नाही, असं वाटलं की संघर्ष सुरू होतो. मी शांततेसाठी आले, ती मोडली. तो खडक चढायला आला, माझ्यामुळे त्याचा खडक काही खाली गेला नाही. म्हणून गाडीवाल्यांच्या सभेत "आमचं तर कुणाशीच भांडण नाही" हे वाक्य अगदी प्रामाणिकपणे उच्चारलं जातं. खरंच नसतं त्यांचं. भांडण दुसऱ्या बाजूला असतं.

गावातही हेच झालं. २००८ मध्ये यूटानं आवश्यक ते दिवे-आरसे बसवलेल्या बग्ग्यांना सार्वजनिक रस्त्यांवर यायची मुभा दिली. ट्रेलरवरून न्यायची कटकट गेली आणि भाड्याच्या बग्ग्या सकाळी हॉटेलच्या दारातून थेट निघू लागल्या. मुख्य रस्त्यालगत राहणाऱ्यांची झोप उडाली. २०२१ मध्ये गावानं आणि काउंटीनं, म्हणजे तिथल्या जिल्ह्यानं, आवाजाचे नियम कडक केले, त्यावरून कोर्टकज्जे झाले. मी त्यात शिरत नाही. दोन्ही बाजूंची माणसं आमच्या ओळखीची आहेत आणि पुढच्या ईस्टरला त्यांच्याकडे जेवायचं आहे.

चालकांना शिकवायला हवं, हे सरकारला सुचायला मात्र वेळ लागला. आधी आले ते हुकूम. १९७२ च्या फेब्रुवारीत अध्यक्ष निक्सन यांनी आदेश काढला की सार्वजनिक जमिनीवर अशा गाड्यांसाठी वाटा ठरवाव्यात. माती, पाणी, झाडं आणि वन्यजीव यांची हानी कमीत कमी व्हावी, आणि इतर लोकांशी होणारा संघर्षही. पन्नासहून अधिक वर्षांपूर्वीच्या त्या कागदात हे दोन्ही प्रश्न शेजारी शेजारी लिहिलेले आहेत. १९७७ मध्ये कार्टर यांनी त्यात भर घातली, की मोठं नुकसान होत असेल तर ती जागा ताबडतोब बंद करावी. शिकवण्याची मोहीम १९८५ मध्ये वनखात्यानं सुरू केली, 'ट्रेड लाइटली' या नावानं. १९९० मध्ये तिची स्वतंत्र ना-नफा संस्था झाली. आखलेल्या वाटेवर राहा, इतरांचा मान ठेवा, निघण्याआधी माहिती घ्या, नाजूक जागा टाळा, आपला वाटा उचला, असा तिचा साधारण उपदेश. वाईट काहीच नाही त्यात. पण उपदेशाचं एक असतं, तो ज्याला आधीच पटलेला असतो त्यालाच आवडतो.

मग यूटानं १ जानेवारी २०२३ पासून कायदाच केला: सार्वजनिक जमिनीवर अशी गाडी चालवायची तर ऑनलाइन पाठ पुरा करून दाखला घ्यायचा. प्रौढांना फुकट, आयुष्यात एकदा. आमच्या ओळखीतल्या एकानं बग्गी घेतली तेव्हा तो आमच्याच स्वयंपाकघरात बसून हा पाठ करत होता आणि मी पोळ्या लाटत होते. "ओढ्याच्या काठावरची झाडं चिरडावीत का?" अशा धर्तीचे प्रश्न. चुकीचं उत्तर देणं अवघड. दाखला छापून झाला, पोळी गरम होती, सगळे खूश.

तरी हा कायदा मला निरुपयोगी वाटत नाही. निदान "मला कुणी सांगितलंच नाही" ही पळवाट बंद होते. पण ज्ञान आणि वागणं यांच्यामधली दरी या पाठानं बुजत नाही, कारण पाठ स्वयंपाकघरात होतो आणि निर्णय डबक्यापाशी घ्यायचा असतो. वाटेत चिखलाचं डबकं लागलं, समोरची गाडी कडेनं वळसा घालून गेली, मागे चार गाड्या उभ्या आहेत. तिथे दाखला आठवत नाही. समोरची गाडी दिसते.

समोरच्याचं बघून वागण्याची ही खोड किती खोल आहे, याचा एक प्रयोग शेजारच्या ॲरिझोनात झाला. तिथे पेट्रिफाइड फॉरेस्ट नावाचं उद्यान आहे, दगड झालेल्या प्राचीन लाकडांचं. लोक तुकडे खिशात घालून नेतात. रॉबर्ट चिआल्डिनी या मानसशास्त्रज्ञानं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाटेवर खुणा केलेले तुकडे ठेवले आणि दोन वेगवेगळे फलक लावून पाहिले. एकावर साधारण असा मजकूर की आजवर अनेकांनी लाकूड नेलं आणि जंगलाचं रूप बिघडलं. दुसऱ्यावर सरळ विनंती, की लाकूड नेऊ नका. विनंतीच्या फलकापाशी दोन टक्क्यांहून कमी तुकडे चोरीला गेले. 'अनेकांनी नेलं'वाल्या फलकापाशी जवळजवळ आठ टक्के. हळहळ व्यक्त करणाऱ्या फलकानं चोरांना सोबत मिळवून दिली. जखमी वाळवंटाचे फोटो टाकून "बघा किती लोकांनी काय केलं" असं लिहिणाऱ्या माझ्या चालणाऱ्या मैत्रिणींना मी हे सांगते. त्यांना ते आवडत नाही.

मला ज्यांचं शिकवणं खरं वाटतं ते गृहस्थ नवऱ्याच्या क्लबातले. खाणीतून निवृत्त झालेले, सत्तरी ओलांडलेले, बोलायला तुसडे. पर्यावरण हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलेला नाही. नवा चालक आला की आधी ते त्याला चारही टायरमधली हवा निम्म्याच्या आसपास उतरवायला लावतात. मऊ टायर खडकाला धरतं, जागच्या जागी फिरत नाही. चाक फिरलं की खडकावर काळा पट्टा उठतो आणि वाळूत खड्डा पडतो, आणि या गृहस्थांच्या लेखी तो चालकाचा अडाणीपणा. "तुझं चाक फिरलं म्हणजे तुला गाडी येत नाही," बस. विंचचा, म्हणजे अडकलेली गाडी ओढून काढायच्या यंत्राचा, दोर झाडाला बांधायचा असला तर आधी खोडाभोवती रुंद पट्टा, नाहीतर साल सोलली जाते. वाटेत चिखलाचं डबकं लागलं तर खोली तपासून मधून जायचं, कडेनं नाही. कडेनं गेलात की पुढचा आणखी कडेनं जातो आणि एका वाटेच्या तीन होतात. पण मोकळ्या कातळावर पाणी साठलेलं दिसलं तर उलट, त्याला वळसा घालायचा. नव्या लोकांचा इथे गोंधळ होतो. कातळावरच्या त्या पाण्यात नखाएवढे, पारदर्शक, उताणे पोहणारे कोळंबीचे भाऊबंद असतात. पाणी आटलं की ते मरतात, पण त्यांची अंडी कोरड्या धुळीत वर्षानुवर्षं टिकतात आणि पावसाची वाट बघतात. टायरखाली मात्र टिकत नाहीत.

घोड्यांबद्दलचा त्यांचा नियम मला सगळ्यांत आवडतो. समोरून घोडेस्वार आला तर गाडी बाजूला घ्यायची, इंजिन बंद करायचं, हेल्मेट काढायचं आणि स्वाराशी दोन शब्द बोलायचे. हवापाण्याचे का असेनात. कारण हेल्मेट घातलेला, न बोलणारा प्राणी म्हणजे काय हे घोड्याला कळत नाही आणि तो बिथरतो. आवाज ऐकला की माणूस आहे हे त्याला समजतं. चालणाऱ्यांच्या बाबतीतही हाच नियम चालतो, असं मी त्यांना म्हटलं तेव्हा ते पहिल्यांदा हसले.

हे शिकवणं लागू पडतं, कारण ते चालकाच्या अभिमानाला धरून आहे. जमीन राखणं आणि गाडी चांगली चालवणं यांत त्यांच्या शिकवणुकीत फरकच राहत नाही. शिवाय ते जागेवर, त्या डबक्यापाशी होतं, आणि सांगणारा आपल्यातला असतो. नवख्या, जरा उडाणटप्पू वाटणाऱ्या चालकाची गाडी ते नेहमी आपल्या गाडीच्या लगेच मागे ठेवतात. भाषण नाही, शिक्षा नाही. फक्त आरशात तो सतत दिसत राहतो, हे त्यालाही माहीत असतं. शेजारच्या कोलोरॅडो राज्यात आणि मोॲबच्या काउंटीतही आता असे चालकच वाटेच्या तोंडाशी उभे राहून येणाऱ्यांना नकाशे देतात, दोन गोष्टी सांगतात. वर्दीतल्या माणसापेक्षा धुळीनं माखलेल्या माणसाचं ऐकलं जातं.

पण याला मर्यादा आहेत, आणि इथे नवऱ्याचं आणि माझं फाटतं. क्लबातला माणूस पुन्हा पुन्हा येणारा. दोन तासांसाठी बग्गी भाड्यानं घेणारा, उद्या विमानानं परत जाणारा माणूस कुणाच्या आरशात असतो? त्याला म्हाताऱ्याच्या तुसडेपणाचं भय नाही. त्याला बग्गी चालवायला आधीच कुणीतरी शिकवलेलंही आहे: जाहिरातीनं. गाडी विकणाऱ्यांच्या जाहिराती बघा, वाट सोडून वाळूवर घेतलेलं वळण, मागे उसळणारा धुळीचा पडदा, संथ गतीत उडणारं पाणी. अर्ध्या मिनिटाच्या त्या चित्रापुढे सरकारी पाठ काय टिकणार? तेच उत्पादक मग जबाबदार चालनाच्या मोहिमांना देणग्याही देतात. माझ्या मते त्यांनी देणगी थोडी कमी द्यावी आणि जाहिरातीत एकदा तरी गाडी वाटेवर दाखवावी.

म्हणून काही जागा बंदच करायला हव्यात असं मला वाटतं. २०२३ च्या सप्टेंबरात बीएलएमनं मोॲबच्या वायव्येकडच्या लॅबिरिंथ कॅन्यन आणि जेमिनी ब्रिजेस भागाची योजना जाहीर केली. १,१२८ मैल वाटांपैकी ३१७ मैल गाड्यांना बंद. लॅबिरिंथमधून ग्रीन नदी संथ वाहते, लोक तिथे होडीनं येतात, आणि कड्यांमध्ये इंजिनाचा आवाज घुमतो. माझ्या गटात आनंद झाला. क्लबात सुतक. राज्य सरकारसकट अनेकांनी विरोध केला. "आम्ही एवढं शिकवलं, त्याचं हे बक्षीस?" असं नवरा म्हणाला. मी म्हटलं, शिकवल्यामुळेच ८०० हून अधिक मैल उघडे राहिले असतील. त्याला हे पटलेलं नाही. शिकवणं हे बंदीला पर्याय म्हणून वापरलं की ते ढाल होतं, ही माझी शंका. आणि बंदी आली की चांगल्या चालकाचा हुरूप जातो आणि वाईट चालक तरीही जातोच, हा त्याचा अनुभव. दोन्ही खरं असावं.

हे सगळं आता लिहायचं कारण पुण्याचा भाचा. त्यानं थार घेतली. आठदहा जणांचा गट जमवला आणि पावसाळ्यात रत्नागिरीकडच्या एका सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, जाऊन आले. व्हिडिओ पाठवला: पाण्यानं भरलेला कातळ, हिरवं गवत, गाडीच्या दोन्ही बाजूंना कारंजं. "मावशी, तुमच्या मोॲबसारखंच आहे की नाही?"

होतं. त्याला वाटलं त्यापेक्षा जास्त. जांभ्याच्या सड्यावरही माती चिमूटभर, आणि जे काही जगतं ते त्या चिमटीत आणि पाण्याच्या डबक्यांत. त्या डबक्यांतही तेच उताणे पोहणारे जीव असतात. त्यांतल्या एका जातीचं शास्त्रीय नाव तर सह्याद्रीवरून पडलं आहे. पावसाच्या सुरुवातीला रत्नागिरीच्या सड्यांवर दीपकाडी फुलते, जी कोकणाबाहेर सहसा भेटत नाही. मग गेंद, सीतेची आसवं. कास पठाराला २०१२ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, तिथे आता रोजच्या पर्यटकांची संख्या ठरलेली आहे, गाड्या खाली ठेवून जावं लागतं. कोकणातल्या बहुतेक सड्यांना असं कवच नाही. मोॲबलाही दगडात कोरलेली जुनी चित्रं आहेत, पण बहुतेक उभ्या कड्यांवर. सड्यांवर ती पायाखाली असतात: कातळशिल्पं. कशेळीचा तो प्रचंड हत्ती, उक्षी, बारसू, देवाचे गोठणे. २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. कोरीव रेषा उथळ, बऱ्याच ठिकाणी मातीनं भरलेल्या. वर उभं राहून, वाकून बघितलं तरी आधी उमगत नाहीत. थारच्या सीटवरून तर प्रश्नच नाही. गोव्यात मोरजीच्या किनाऱ्यावर भाड्याची गाडी घालून वाळूत रुतणाऱ्यांनाही खाली कासवाची अंडी असू शकतात हे दिसत नाही, तसंच हे.

मी भाच्याला हे फोनवर सांगितलं. तो ऐकणारा आहे. म्हणाला, "मग नियमांची यादी पाठव, ग्रुपवर टाकतो." यादी पाठवायला बसले आणि पहिल्याच ओळीवर अडले. 'आखलेल्या वाटेवरच राहा.' सड्यावर आखलेली वाट कुठली? इथे अमेरिकेत वनखात्याचे, बीएलएमचे नकाशे असतात. कुठली वाट उघडी, कुठली बंद, कुठल्या महिन्यांत, हे त्यावर छापलेलं असतं. सगळं शिक्षण शेवटी त्या नकाशाकडे बोट दाखवतं. सड्याचा सात-बारा दहा वारसांच्या नावे, त्यांतले सहा मुंबईत. गुरं चारणाऱ्याची पायवाट आहे, गवत आणणाऱ्या टेम्पोची एक चाकोरी आहे, चिऱ्याच्या खाणीकडे जाणारा रस्ता आहे. कशावर कुणाची हरकत आहे, ते गावातच माहीत असतं. आणि तिथला संघर्ष चालणारा विरुद्ध चालवणारा असा नाहीच. तो राखून ठेवलेलं गवत ज्याचं तुडवलं गेलं त्याचा आणि पुण्याहून आलेल्यांचा आहे. अमेरिकेतली शिकवण उचलून तिथे टाकली तर तिला टेकायला जमीन नाही.

तेव्हा यादी बाजूला राहिली. भाच्यानं त्या गावातल्या एका शिक्षकांना गाठलं, जे कातळशिल्पांची राखण करणाऱ्यांपैकी आहेत. दिवाळीनंतर गट पुन्हा जाणार आहे, पण गाड्या देवळापाशी लावून. शिक्षकांबरोबर सडा पायी फिरायचा, कुठली चाकोरी चालेल, कुठे अजिबात नको, ते फोनवर टिपून घ्यायचं, आणि पावसाळ्याचे चार महिने चाक घालायचं नाही असं शिक्षकांनी आताच सांगून टाकलं आहे. गटातले दोघे "मग याला ऑफरोडिंग कशाला म्हणायचं?" असं लिहून बाहेर पडले. त्यांचं काय करायचं, असं भाच्यानं विचारलं, तेव्हा नवऱ्यानं माझ्या हातून फोन घेतला.

"त्यांना परत घे," तो म्हणाला. "आणि त्यांची गाडी तुझ्या लगेच मागे ठेव."

मी मागून ओरडले, "आधी गावाला विचार, गाड्या हव्यात का ते!"